आकाशवाणी-दूरदर्शनसाठी वीजबिलात महिना १५ रुपये: भराल का?

खाजणबांध | शनि, रात्री १०.२०

काल रात्री आमच्याकडे जेवणाच्या पानांवरच वाद पेटला. अजून विझलेला नाही, म्हणून इथे आणून टाकतो.

आतेभाऊ इंग्लंडहून सुट्टीवर आलाय. माशांचं हुमण ओरपता ओरपता सहज म्हणाला की तिकडे टीव्ही बघायचा तर वर्षाला पावणेदोनशे पौंडांच्या आसपासचं लायसन काढावं लागतं आणि त्यावर बीबीसी चालते. मी बीबीसी बघतच नाही म्हटलं तरी सुटका नाही. कुठल्याही चॅनेलवर चालू कार्यक्रम लावला की लायसन हवंच. बाबांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि त्यांचा घास हातातच राहिला. "वीस हजार रुपये? बातम्या ऐकायला?"

आई मात्र शांतपणे म्हणाली, "मी देईन. वीस हजार नाही, पण रेडिओसाठी काहीतरी देईन."

तिचं म्हणणं कळायला मे २०२१ आठवा. तौक्ते. आमचं घर दिवाडी बेटावर. रविवारी माड तारांवर कोसळला आणि चार दिवस वीज नाही. मग मोबाइलचं नेटवर्कही गेलं. बाबांनी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला. त्याला चार पेन्सिल सेल लागतात. एक भिंतीवरच्या घड्याळातला, एक गजराच्या घड्याळातला, दोन मुलाच्या खेळण्यातल्या गाडीतले. मागचं झाकण कधीच हरवलेलं, तिथे रबरबँड. भिंतीवरचं घड्याळ पावणेअकरावर थांबलं, पोरगा गाडीसाठी भोकाड पसरून बसला, आणि पणजी आकाशवाणी लागली. शेजारची दोन घरं आमच्या सोप्यावर येऊन बातम्या ऐकून जायची. जगात काय चाललंय ते चार दिवस त्या खोक्यातूनच कळलं.

तर प्रश्न असा. समजा उद्या ठरलं की आकाशवाणी-दूरदर्शनसाठी प्रत्येक घराच्या वीजबिलात महिना १५ रुपये. बघा नाहीतर बघू नका, ऐका नाहीतर ऐकू नका. तुम्ही भराल? कुरकुरत भराल, की मोर्चा काढाल?

माझं मत: भरावेत. पैसे देणाऱ्याला निदान जाब विचारता येतो. फुकटच्या वस्तूला नावं कोणत्या तोंडाने ठेवायची?

---

सांखळीकर | शनि, रात्री १०.४१

मोर्चा. पहिला झेंडा माझ्या हातात.

वीजबिल म्हणजे काय कदंबा बसचा टप आहे, दिसेल ते बोचकं वर चढवायला? आधी वीज वेळेवर द्या. आमच्याकडे पहिल्या पावसाच्या थेंबाला जाते ती "फॉल्ट सापडत नाही" म्हणून. त्या अंधारात बसून दूरदर्शनचे पैसे भरायचे!

---

काजूबोंड | शनि, रात्री १०.४४

पॉपकॉर्न परवडत नाही. भाजलेले काजू घेऊन बसलोय.

---

पेडण्याचा_दाजी | शनि, रात्री ११.१५

इथल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल, पण हा प्रश्न आपल्याकडे नवीन नाही. रेडिओचं लायसन होतं. मी स्वतः भरलंय, वडिलांच्या नावाने.

पासबुकासारखं छोटं पुस्तक असायचं. वर्षाला १५ रुपये. पोस्टात जायचं, पैसे द्यायचे, मास्तर खास लायसनची तिकिटं काढून पुस्तकात चिकटवायचा आणि वर धाडकन शिक्का मारायचा. उशीर झाला की दंडाची वेगळी रक्कम. टीव्ही आल्यावर टीव्हीचे पन्नास. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हे सगळं बंद झालं.

आमच्या वाड्यावर पाच रेडिओ होते आणि लायसनं दोन. "इन्स्पेक्टर आला रे" अशी हूल उठली की तीन रेडिओ गोठ्यात गवताखाली जायचे. एकदा एक जण घाईत बंद करायला विसरला. गवतातून नाट्यगीत आणि वर म्हैस रवंथ करतेय. इन्स्पेक्टर आलाच नव्हता, पोस्टमन होता. तोही पाच मिनिटं ऐकून गेला.

---

मोगऱ्याची_जाळी | शनि, रात्री ११.२२

दाजी, म्हशीला कोणतं गीत आवडलं ते सांगा ना.

---

पेडण्याचा_दाजी | शनि, रात्री ११.२५

दूध वाढलं एवढं खरं. 😀

---

स्विंडनचो_पाव | रवि, पहाटे ३.०५

खाजणबांध, तुमचा आतेभाऊ बहुतेक आमच्याच गल्लीतला असणार. इथे दर तिसरं दार गोंयकाराचं. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली आपली माणसं सगळी.

तो म्हणाला ते बरोबर आहे, जरा भर घालतो. लायसन घराचं असतं, माणसाचं नाही. चालू प्रक्षेपण बघायचं असेल, मग ते टीव्हीवर, लॅपटॉपवर किंवा फोनवर, तर लागतं. बीबीसीचं आयप्लेअर वापरलं तरी लागतं. नुसतं नेटफ्लिक्स किंवा यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघणाऱ्याला लागत नाही. न भरता बघितलं तर फौजदारी गुन्हा, हजार पौंडांपर्यंत दंड. पूर्वी ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना माफ होतं. ऑगस्ट २०२० पासून त्यातल्या फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांची सरकारी मदत, मिळणाऱ्यांना. त्यावरून म्हाताऱ्यांनी बराच गदारोळ केला. दृष्टिहीनांना निम्मी सूट. आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं लायसन वेगळं आणि स्वस्त, ते अजूनही काही हजार लोक काढतात!

माझा स्वतःचा घोळ सांगतो. आलो त्या वर्षी टीव्ही घेतला नाही, म्हटलं वाचलो. क्रिकेट फोनवर लाइव्ह बघत होतो. एका पार्टीत गोऱ्या सहकाऱ्याला फुशारकीने सांगितलं. तो म्हणाला, "फोनवर लाइव्ह? मग लायसन?" त्या रात्री घरी येऊन पहिलं काम ते केलं. तेव्हापासून महिन्याच्या हप्त्याने भरतोय.

आता मत. मी कुरकुरत भरतो, पण भरतो. मुलांचे कार्यक्रम जाहिरातीशिवाय असतात. धाकटी पाच वर्षांची होईपर्यंत तिने टीव्हीवर एक चॉकलेटची जाहिरात बघितली नव्हती. हे ज्याच्या घरात पोर आहे त्यालाच कळेल.

आणि एक गंमत. बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाली. तुम्ही सगळे ती फुकट वाचता. वर्ल्ड सर्व्हिसचा मोठा भाग लायसनच्या पैशातून चालतो. म्हणजे तुमच्या सकाळच्या बातमीचे पैसे मी भरतोय. एखादं काजूचं पाकीट पाठवा.

---

काजूबोंड | रवि, सकाळी ७.५०

माझ्याकडे बघू नका, मी खाऊन संपवले.

---

तर्कटराव | रवि, सकाळी ९.१०

धागाकर्त्यांच्या शेवटच्या वाक्यावर आक्षेप. "पैसे देणाऱ्याला जाब विचारता येतो" हे आपल्याकडच्या इतिहासात बसत नाही.

१९५२ मध्ये केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. त्यांना वाटलं सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात, म्हणून आकाशवाणीवर ती जवळजवळ बंद पडली. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. १९५७ साली विविध भारती काढावी लागली ती त्यातूनच. आता लक्षात घ्या, हे सगळं चालू असताना लोक लायसनचे पैसे भरत होते. पैसे पोस्टात आणि कान कोलंबोला!

१९७५ ची आणीबाणी घ्या. तेव्हाही दाजींच्या वाडवडिलांच्या पुस्तकात तिकिटं चिकटत होती. आणि रेडिओवर काय ऐकू येत होतं ते मी सांगायला नको.

म्हणजे फी भरली म्हणून माध्यम तुमचं होत नाही. ते कोणाचं, हे ठरतं मालकाच्या खुर्चीवर कोण बसवतो यावरून. वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वायत्त "आकाश भारती" सुचवली होती. कायदा झाला १९९० ला, तोही आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीचा, आणि अमलात आला १९९७ ला. मधे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. एवढं होऊनही पगाराचा चेक सरकारच्या तिजोरीतूनच येतो. आधी चेकवर सही कोणाची ते ठरवा, मग माझ्याकडे १५ रुपये मागा.

---

सांखळीकर | रवि, सकाळी ९.३४

तर्कटराव +१००. ह्यांच्याशी सहमत व्हायची ही माझी पहिलीच वेळ. देव बरें करूं.

---

ऑडिटबाबू | रवि, सकाळी ११.००

मंडळी, आकडे न मांडता चर्चा चाललीय. निवृत्त असलो तरी सवय जात नाही.

तुम्ही पैसे भरत नाही हा पहिला गैरसमज. केंद्राच्या अर्थसंकल्पातून प्रसारभारतीला अलीकडे दर वर्षी दोन-अडीच हजार कोटी जातात. अडीच हजार धरा, १४० कोटी लोकांत वाटा: डोई १८ रुपयांच्या आत. साडेचार माणसांच्या घरामागे वर्षाला ८० रुपये. ते तुम्ही साबण घेताना, पेट्रोल भरताना देताच आहात. फक्त पावती मिळत नाही.

खाजणबांध यांचे महिना १५ म्हणजे वर्षाला १८०. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख. त्याच साडेचारच्या हिशोबाने सव्वातीन लाख घरं. सगळ्यांनी इमानाने भरले तर पावणेसहा कोटींच्या आसपास. त्यात पणजीचं एक केंद्र ऐटीत चालेल की नाही हे केंद्र किती माणसांचं यावर आहे, पण रक्कम अगदीच चिल्लर नाही.

वीजबिलाची कल्पना सांखळीकरांना हास्यास्पद वाटली, पण ती जगात चालू आहे. इटलीत २०१६ पासून वीजबिलातच घेतात. आणि पोर्तुगालमध्येही! महिन्याला २.८५ युरो, वर कर.

---

नुस्तें_हुमण | रवि, सकाळी ११.०६

४५१ वर्षं राज्य करून गेले ते गेले, आता वीजबिलातून परत येतायत.

---

वाळपई_एक्सप्रेस | रवि, दुपारी १.२०

वय २४. प्रामाणिकपणे विचारतो, रागावू नका. आमच्या घरात टीव्ही आहे तो आजीच्या मालिकांसाठी. मी रेडिओ शेवटचा कधी ऐकला आठवत नाही. बहुधा कोणाच्या तरी रिक्षात. मग माझ्याकडून पैसे का?

बाकी प्रसारभारतीचं ओटीटी अ‍ॅप आहे, वेव्हज. २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्याच इफ्फी चित्रपट महोत्सवात पणजीला उद्घाटन झालं. मी उतरवलं, दोन जुन्या मालिका बघितल्या, मग फोनवर जागा कमी पडली म्हणून काढून टाकलं. जागा कमी पडल्यावर आधी काय काढतो त्यावरून कळतं ना आपल्याला काय हवंय ते?

---

मोगऱ्याची_जाळी | रवि, दुपारी २.०५

वाळपई, रागवत नाही रे. पण शाळेत तुझं पोर नसलं तरी शाळेचा कर तू भरतोस. पायलट बोटीत बसत नसलास तरी बंदर चालतं. "मी वापरत नाही" हे कारण पुरेसं नाही.

माझं कारण वेगळं आहे. मी फोंड्याची. आमच्या घरात गाणं शिकवायला बुवा येत नव्हते, तेवढी ऐपत नव्हती. आईने जे ऐकलं ते आकाशवाणीवर. स्वयंपाकघरात फळीवर रेडिओ, त्याच्या जाळीवर फोडणीचा चिकट थर. ती एका हाताने नारळ खवायची आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ताल धरायची. खवणीचा आवाज मोठा झाला की समजायचं तान अवघड आहे. अशी ती ऐकून ऐकून चाळीस-पन्नास नाट्यपदं शिकली. भजनी मंडळात शेवटपर्यंत गायली.

अभिषेकीबुवा मंगेशीचे. तेही उमेदीच्या काळात मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागात नोकरीला होते. अशा माणसाला महिन्याचा पगार देऊन गाण्यात राहू देणारं दुसरं कोण होतं तेव्हा? आज टीआरपी बघून कोण एखाद्या कलाकाराला अर्धा तास पूर्ण ख्याल मांडू देईल? त्यासाठी १५ काय, ५० घ्या.

पण एक अट. माझ्या पैशात मराठीला योग्य वाटा हवा. गोव्यात मराठी नाटक गावोगाव होतं, वर्तमानपत्रं मराठीत खपतात, आणि केंद्रावर मराठीची वेळ कशी मोजून मापून.

---

नुस्तें_हुमण | रवि, दुपारी २.१२

झालें. आलें.

---

शेवंतीवेणी | रवि, दुपारी २.३०

मोगऱ्याताई, पहिला अर्धा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं, दुसरा वाचून सुकलं. १९८७ च्या कायद्याने राजभाषा कोंकणी. आकाशवाणीवर कोंकणीला जागा नको तर कुठे हवी? बाजारात मराठीची चॅनेलं डझनाने आहेत. कोंकणीसाठी खाजगी पैसेवाला येत नाही, कारण जाहिरातीचं गणित बसत नाही. मला वाटतं सक्तीच्या फीचा सगळ्यात मजबूत मुद्दाच हा आहे: जे बाजारात विकलं जात नाही, पण टिकायला हवं, ते.

---

मोगऱ्याची_जाळी | रवि, दुपारी २.४८

त्याच कायद्यात मराठीचाही उल्लेख आहे शासकीय कामासाठी, तेवढं वाचायचं राहिलं वाटतं.

---

सांखळीकर | रवि, दुपारी २.५५

बघा! अजून एक रुपया जमा झाला नाही आणि वाटणीवरून भांडण सुरू. म्हणूनच म्हणतो, मोर्चा.

---

व्यवस्थापक | रवि, दुपारी ४.१०

भाषावादावर याआधी तीन धागे कुलूपबंद करावे लागले आहेत. हा चौथा होऊ देऊ नका. सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यातला एक नुसता म्हशीच्या चित्राचा होता, तो चुकून उडाला, क्षमस्व.

---

शेवंतीवेणी | रवि, सायं. ५.३०

बरं. माफ करा मोगऱ्याताई. तुमच्या आईची खवणी डोक्यातून जात नाहीये.

विषयाकडे येते. तर्कटरावांनी सिलोन सांगितलं, मी गोव्याचं सांगते. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आंबोलीच्या जंगलातून आणि पुढे कॅसलरॉकच्या बाजूने भूमिगत रेडिओ केंद्र चालवलं. कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये. ना लायसन, ना फी, ना जाहिरात. इकडे "एमिसोरा दे गोवा" हे सरकारी केंद्र बळकट यंत्रणेवर चालू होतं. पण लोकांनी विश्वास ठेवला तो जंगलातल्या आवाजावर. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या विमानांनी बांबोळीचं नभोवाणी केंद्र उडवलं, आणि १९ ला लिबियाबाईंनी विमानातून लाउडस्पीकरवर मुक्तीची बातमी दिली. २०२५ मध्ये, शंभरीत, त्यांना पद्मश्री मिळाली.

मला कायम वाटतं, आपल्या मातीत झालेलं सगळ्यात सार्वजनिक प्रसारण ते होतं.

---

तर्कटराव | रवि, सायं. ६.०२

सुंदर प्रतिसाद. आणि एकदा तरी माझ्या बाजूचा. 😀

---

शेवंतीवेणी | रवि, सायं. ६.१५

नाही हो, तुमच्या बाजूचा नाही! ती दोन माणसं सहा वर्षं रानात राहिली. पाऊस, जळवा, सगळं सोसून. रोज कोणी एवढं करणार नाही. म्हणूनच तर पगार, यंत्रणा आणि त्यासाठी पैसे लागतात.

---

राईनकाठची | सोम, पहाटे १.४०

जर्मनीतून लिहितेय, मूळची म्हापशाची. इथे २०१३ पासून "टीव्ही आहे का" हा प्रश्नच विचारत नाहीत. घर आहे ना? मग महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही, रेडिओ नाही, गुहेत राहतो, काही चालत नाही. पहिल्यांदा पत्र आलं तेव्हा मी इमानेइतबारे उत्तर लिहिलं की माझ्याकडे टीव्ही नाही. मराठी संस्कार! रूममेट हसून लोळली.

वाळपई एक्सप्रेसच्या प्रश्नाचं त्यांनी असं उत्तर दिलंय. दाजींच्या गोठ्याचा प्रश्नही मिटला, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नाही.

सगळीकडे हेच टिकलंय असं मात्र नाही. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोची फी रद्द केली. डेन्मार्कने फी बंद करून खर्च सरळ करातून करायला घेतला. जपानात तर एनएचकेच्या फीविरोधात एक पक्षच निघाला आणि २०१९ मध्ये वरच्या सभागृहात एक जागा जिंकला! उलट स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१८ ला फी बंद करायची का यावर जनमत घेतलं, तर ७१.६ टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. फी राहू दे म्हणाले. पण त्यांना कोणीतरी विचारलं होतं, हे महत्त्वाचं.

---

काजूबोंड | सोम, सकाळी ८.०५

सांखळीकर, तुमच्या पक्षाचं चिन्ह काय? टप?

---

सांखळीकर | सोम, सकाळी ८.२०

चिन्ह: गवतातला रेडिओ. दाजी अध्यक्ष, म्हैस खजिनदार.

---

डोंगरवाट | सोम, सकाळी १०.३०

सत्तरीत शिक्षिका आहे. इथे बहुतेकांनी "बीबीसी की दूरदर्शन" असा विचार केलाय. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी काय आहे ते सांगते.

केबल आमच्या वाड्यापर्यंत आलीच नाही. डिशला दर महिन्याला रिचार्ज मारायचं तर मजुरीच्या घरात जड जातं. मग छपरावर डीडी फ्री डिशची थाळी. एकदा थाळी आणि डबा घेतला की महिन्याचं काही नाही. २००४ च्या डिसेंबरापासून ही सेवा आहे. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्यावर मुलांना फोन नव्हते, पण मार्चअखेर रामायण पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळी पोरं एका घरात जमली होती. मास्क नाकाखाली. मी ओरडायला गेले आणि दारात उभी राहून अर्धा तास मीच बघत बसले.

यात ऑडिटबाबूंसाठी एक मुद्दा आहे. फ्री डिशवर खाजगी चॅनेलं फुकट येत नाहीत. जागांचा लिलाव होतो आणि चॅनेलवाले कोट्यवधी मोजतात. म्हणजे गरिबाच्या छपरावरची थाळीच प्रसारभारतीला कमावून देते. आता त्याच गरिबाच्या वीजबिलात १५ रुपये टाकणार? ज्याचं बिलच दोन-तीनशेचं येतं त्याला १५ रुपये आणि डोना पावलाच्या बंगल्यालाही १५? लावायचेच असतील तर युनिटवर लावा.

---

ऑडिटबाबू | सोम, सकाळी ११.१५

बाई, मुद्दा मान्य. पोर्तुगालमध्येही वर्षाला अगदी कमी वीज वापरणाऱ्याला सूट आहे. मी माझा तक्ता दुरुस्त करतो. ठरावीक युनिटखाली शून्य.

---

वाळपई_एक्सप्रेस | सोम, सायं. ७.४०

बाई, तुम्ही कोणत्या शाळेत ते विचारणार नाही, पण मला वाटतं मी तुमचाच विद्यार्थी आहे. 🙏

काल आजीला विचारलं, रेडिओला पैसे देशील का? ती म्हणाली, "मच्छीमारांना वादळाचा इशारा देतात ना, त्यांच्यासाठी देईन. माझा भाऊ समुद्रावर जायचा." आम्ही डोंगरातले, तिचं माहेर बेतूलचं. मला हे माहीतच नव्हतं. तुम्हा सगळ्यांमुळे एका रात्रीत तिच्या भावाची अख्खी गोष्ट ऐकली. १५ रुपयांचं अजून ठरलं नाही, पण एफएमवर १०५.४ लावून बघितलं. हेडफोन लावल्याशिवाय फोनवर लागत नाही हे पण काल कळलं.

---

पेडण्याचा_दाजी | सोम, सायं. ७.५५

वायरच अँटेना असते रे. आमच्या काळी तांब्याची तार माडावर चढवायचो.

---

स्विंडनचो_पाव | मंगळ, रात्री १२.३०

तर्कटराव, तुमचा मुद्दा इथेही लागू आहे बरं का. बीबीसीची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपतेय, आणि फी ठेवायची की जाहिराती आणायच्या यावर इथे रोज भांडण. फी किती हे शेवटी सरकारच ठरवतं. दोरी पूर्ण सुटलेली कुठेच नाही. फरक एवढाच की इथे मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारणारा मुलाखतकार दुसऱ्या दिवशीही कामावर दिसतो. त्यासाठी मी हप्ता भरतो असं समजा.

---

तर्कटराव | मंगळ, सकाळी ९.००

हे जर लेखी मिळालं तर मीही भरेन. १५ नाही, ३०.

---

खाजणबांध | गुरु, रात्री ९.१५

दोन दिवस शेतात होतो, आत्ता सगळं वाचलं. तर्कटराव, "जाब विचारता येतो" हे मी मागे घेतो. केसकरांचं माहीत नव्हतं. डोंगरवाट बाई, सपाट १५ रुपये हेही मागे. उरलं काय? आई.

तिला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. म्हशीवर दोनदा हसली. मग म्हणाली, "पैसे घ्यायला कोणीतरी दारात यायला हवा. दाजींचा तो पोस्टमन यायचा तसा. म्हणजे आत बोलावून चहा देता येईल आणि सांगता येईल की संध्याकाळच्या बातम्या फार भरभर वाचतात." बिलातून कापलेले पैसे कोणाला सांगणार, असं तिचं म्हणणं. बाबांचं उत्तर अजून "नाही".

---

मोगऱ्याची_जाळी | गुरु, रात्री ९.२८

आईंना नमस्कार सांगा. त्या घड्याळाचं काय झालं? पावणेअकरावर थांबलेलं?

---

खाजणबांध | गुरु, रात्री ९.४०

घड्याळाला दुसरा सेल घातला केव्हाच. पण जुने सेल ट्रान्झिस्टरमध्येच राहून गेले होते. धाग्यामुळे आठवण झाली म्हणून काल रबरबँड काढला, तर आत सगळं पांढरं-हिरवं पिठासारखं. सेल पाझरलेत. स्प्रिंग गंजलीय. चाकूने खरवडली तरी लागत नाही.

---

पेडण्याचा_दाजी | गुरु, रात्री ९.५२

चाकू नको! स्प्रिंगवरचा मुलामा जाईल. अल्कलाइन सेल होते ना? कापसाच्या बोळ्यावर विनेगर घ्या आणि हलक्या हाताने पुसा. साधे सेल असतील तर विनेगरच्या ऐवजी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. मग कोरड्या फडक्याने पुसून एक दिवस उन्हात ठेवा.

---

खाजणबांध | गुरु, रात्री ९.५५

घरात माडाचं विनेगर आहे. चालेल?

---

पेडण्याचा_दाजी | गुरु, रात्री ९.५८

पळेल.

---

खाजणबांध | शनि, सकाळी ७.१२

लागला. थोडी खरखर आहे. आईने फळीवर ठेवलाय, वाटणाच्या शेजारी.